गाडीची हवापालट: पुण्याहून कारंज्याला

माझी डिझेलची गाडी आजारी पडली ती माझ्याच काटकसरीने, हे मला वाशीम जिल्ह्यातल्या धनज नावाच्या गावात, सोयाबीनच्या ढिगाशेजारी उभं राहून कळलं. त्याआधी तीन वर्षं मी पुण्यात स्वतःला मोठी शहाणी ड्रायव्हर समजत होते. भिशीतल्या दोघीतिघींना तर मी गाडी कशी जपावी यावर व्याख्यानही दिलं होतं. त्या बिचाऱ्यांची क्षमा मागावी म्हणूनच हे लिहायला बसले आहे.

मी गाडी शिकले पन्नाशी उलटल्यावर. शाळेच्या कार्यालयात तीस वर्षं हजेरीपटावर मान मोडली, निवृत्त झाले आणि पहिल्यांदा हौस म्हणून काही घेतलं ती ही चारचाकी. आमच्या ह्यांना गाडी येत नाही आणि शिकायचीही नाही. त्यामुळे गाडी पूर्णपणे माझी. मंडई, बँक, नणंदेचं घर, डोळ्यांचा दवाखाना, सगळं चार-पाच किलोमीटरच्या आत. माझे नियम पक्के होते. चाळिसाचा वेग आला की पाचवा गिअर, इंजिनाला रेस म्हणून द्यायची नाही. सिग्नलला लाल दिसला की इंजिन बंद. टाकी पावाच्या वर कधी भरायची नाही, कारण नुसतं डिझेलचं ओझं वाहायला डिझेल का जाळायचं? आणि इंजिन ऑइलची पट्टी मी दर महिन्याला बाहेर काढून पाहत असे. ऑइल कधीच कमी झालेलं नसायचं. उलट थोडं वरच असायचं. माझी गाडी तेल पीत नाही हे मी अभिमानाने सांगत असे.

आणि गणपतीच्या सुमाराला समोर तो केशरी दिवा लागला. पोळपाटावर मोहरी सांडावी तसं काहीसं त्याचं चित्र होतं. सर्व्हिसवाल्यांनी समजावून सांगितलं की धुरातली काजळी अडवायला गाडीच्या पोटात एक गाळणं असतं. ते भरत आलं की गाडी त्याला आपोआप तापवते आणि काजळी जाळून टाकते, पण त्यासाठी ती वीस-पंचवीस मिनिटं न थांबता पळायला हवी. "मॅडम, हायवेला फिरवून आणा," असं त्यांनी दोनदा सांगितलं. मला वाटलं, ही यांची टाळाटाळ. ह्यांनी दिव्यावर काळी चिकटपट्टी लावायचा उपाय सुचवला.

खरी पंचाईत मुलाने केली. अमेय बंगळुरूला असतो आणि त्याला माझ्या गाडीची नसेल एवढी काळजी माझ्या वयाची आहे. त्याने तिथे बसून गाडी विकायला पुण्यातलं गिऱ्हाईकसुद्धा शोधलं. फोनवर आमची चांगली जुंपली. शेवटी मी रागाच्या भरात बोलून गेले की पंधरा दिवसांत दिवा विझला नाही तर गाडी देऊन टाकू, मी रिक्षाने फिरेन. त्याने तो शब्द लगेच उचलला. रिक्षाने मी तीस वर्षं फिरले होते. आता कुणाला न विचारता उठावं आणि निघावं, ही सवय लागली होती आणि ती सोडण्याच्या कल्पनेने मला रडू येत होतं.

हायवेलाच न्यायची तर नीट लांब नेऊ, असं ठरवलं. कारंज्याला माझी मैत्रीण मंगल असते. वडिलांची बदली अमरावतीला झाली होती तेव्हा कॉलेजात आम्ही दोन वर्षं एका बाकावर होतो. पुढे ती कारंज्याच्या एका जैन व्यापारी घरात पडली. त्यांचं बी-बियाण्यांचं दुकान आहे. ती मला पस्तीस वर्षं बोलावते आहे. ह्यांनी गुडघ्याचं कारण सांगून घरी राहायचं पसंत केलं, ते एका अर्थी बरंच झालं.

कारंजा, शनिवार

समृद्धी महामार्गाने गेले असते तर संभाजीनगरपासून पुढचा रस्ता पाण्यासारखा होता. पण त्या रस्त्याची मला धडकी भरते. तिथे टायर फुटतात, माणसं पेंगतात, असं ऐकून ऐकून मी तो मनातून कायमचा रद्द केला होता. म्हणून मी जुन्या रस्त्याने, जालना-मेहकर करत, गतिरोधक मोजत आले. मेहकरच्या मुक्कामानंतर वाशीमकडचं मालेगाव ओलांडलं तशी जमीन काळी झाली, कापूस फुटू लागला होता आणि तुरीच्या ओळी पिवळ्या फुलांनी भरल्या होत्या. शेताशेतांत मळणीयंत्रं धूळ उडवत होती. अर्ध्या रस्त्यावर सोयाबीन वाळत घातलेलं आणि उरलेल्या अर्ध्यात एसटी, ट्रॅक्टर आणि मी. दिवा काही विझला नाही.

मंगल दारातच उभी होती. गळ्यात पडायच्या आधी तिने आभाळाकडे बघितलं आणि म्हणाली, "काहून वं एवढा उशीर? हातपाय धू, दिवस बुडून राह्यला." त्यांच्या घरी सूर्यास्ताच्या आत जेवण उरकतं. पुण्यात साडेनऊला कुकर लावणारी मी पाऊण तासात आंघोळ करून ताटावर बसले होते. ज्वारीची भाकर, तुरीचं वरण, वांग्याऐवजी दोडक्याची भाजी, कांदा-लसूण नाही. एवढ्या साध्या वरणाला एवढी चव कशी, हे मी तीनदा वाढून घेऊन तपासलं. पावणेसहाला जेवण झालं आणि मग गप्पांना सगळी संध्याकाळ मोकळी मिळाली. ही पद्धत मला मनापासून आवडली, फक्त नऊ वाजता पोटात पुन्हा कावळे ओरडायला लागले ते मी कुणाला सांगितलं नाही.

मंगलच्या सासूबाई पंच्याऐंशीच्या आहेत. सगळं गाव त्यांना नुसतं बाई म्हणतं. सकाळी उठले तर त्या स्वतः पाणी गाळत बसल्या होत्या. दुहेरी पांढरं फडकं, खाली कळशी. गाळून झाल्यावर फडकं उलटं करून त्यावर गाळलेलंच थोडं पाणी सोडायचं आणि ते पाणी जपून परत विहिरीत पोचवायचं, म्हणजे फडक्यात अडकलेले जीव जिथले तिथे जातात. नळ आला तरी त्यांनी हे सोडलेलं नाही. मी का आले हे त्यांनी विचारलं, तेव्हा मी गाडीच्या गाळण्याची कथा सांगितली. मला वाटलं त्यांना कळणार नाही.

बाई फडकं पिळत म्हणाल्या, "गाळनं रोज धुवा लागते, पोरी. वल्लं फडकं तसंच ठेवलं तं दुसऱ्या दिवशी पानी उतरते काय? तुह्या गाडीनं धुवाले घेतलं का तू मधातच हात धरत असशीन."

एवढ्या सोप्या शब्दांत मला पुण्यात कुणी सांगितलं नव्हतं, किंवा मी ऐकलं नव्हतं. मंगलने मात्र तेवढ्यावर न थांबता धनजच्या देवरावांना फोन लावला.

धनज, रविवार

देवराव म्हणजे मंगलच्या दुकानाचं जुनं गिऱ्हाईक. वय पंचेचाळीसच्या आसपास. पेरणीला आणि सोंगणीला, म्हणजे कापणीला, ते गावी असतात आणि वर्षाचे उरलेले महिने चक्क पुण्यात डिझेलची टॅक्सी चालवतात. मला पुणे शिकवायला धनजचा माणूस मिळाला होता. कर्वे रस्त्याचा कुठला सिग्नल किती वेळ धरतो हे त्यांना माझ्यापेक्षा पाठ होतं.

आम्ही पोचलो तेव्हा ते मळणीच्या धुळीने डोक्यापासून पायापर्यंत राखाडी झाले होते. हात पुसून त्यांनी आधी बॉनेट उघडलं नाही. आधी मला शेताच्या वाटेवर एक फेरी मारायला लावली आणि स्वतः शेजारी बसले. मी नेहमीच्या सफाईने चाळिसाला पाचवा टाकला. परत आल्यावर त्यांनी ऑइलची पट्टी ओढली, बोटाला लावून वास घेतला आणि ते बोट माझ्या नाकाशी आणलं. डिझेलचा वास येत होता.

मग सोयाबीनच्या ढिगाशेजारी माझी शिकवणी झाली. गाडी काजळी जाळायला निघते तेव्हा जादा डिझेल सोडते. दरवेळी मी मंडईशी येऊन किल्ली फिरवली की ते काम अर्ध्यावर राहतं आणि ते डिझेल हळूहळू खाली इंजिन ऑइलमध्ये उतरतं. म्हणून माझं ऑइल कमी होत नव्हतं. ते वाढत होतं, आणि मी पेढे वाटायची बाकी होते. टाकी पावाखाली असली की बहुतेक गाड्या काजळी जाळायला सुरुवातच करत नाहीत. म्हणजे माझी बिचारी तीन वर्षं परवानगी मागत होती आणि मी देत नव्हते. कमी वेगात वरचा गिअर टाकल्याने धूर कधी पुरता तापलाच नाही. हवेचं गाळणं त्यांनी काढून दाखवलं, ते गोधडीसारखं झालं होतं. टायरमध्ये मी खड्डे लागू नयेत म्हणून हवा कमी ठेवत होते, त्यानेही गाडी ओढत चालत होती. किती वेळा रस्त्यात जळका वास आला आणि बंद केल्यावरही पंखा घोंघावत राहिला, असं त्यांनी विचारलं. पुष्कळदा, मी म्हटलं. दरवेळी मी घाबरून गाडी आणखी लवकर बंद केली होती.

"ताई, राग नका येऊ देऊ," देवराव म्हणाले. "तुमी गाडी जपून नाई राह्यल्या, तिले उपाशी ठेवून राह्यल्या. दम घेऊ द्या तिले."

मला राग आला नाही, शरम वाटली. आणि त्यातच हसू आलं, कारण शेजारी मंगल इतकी हसत होती की तिला पोत्यावर बसावं लागलं. मी विचारलं की मग पुण्याच्या गर्दीत तुम्ही काय करता. ते म्हणाले, गर्दीत घाई करायची नाही, पण इंजिनाच्या फेऱ्यांच्या काट्याला दीड हजाराच्या खाली लोळू द्यायचं नाही, खालचा गिअर घ्यायला लाजायचं नाही. पुढची गाडी थांबणार हे दिसलं की आधीच पाय उचलायचा म्हणजे ब्रेकही वाचतो आणि डिझेलही. आणि आठवड्यातून एकदा गिऱ्हाईक असो-नसो, गाडी कात्रजच्या बोगद्यापलीकडे नेऊन आणायची. चार चुली अर्धवट पेटवण्यापेक्षा एक पूर्ण पेटू द्यावी, असं काहीसं ते म्हणाले.

त्यांच्या घरी चून-भाकर खाल्ली. चून म्हणजे आपलं पिठलंच, पण त्यात मिरचीचा हात असा सैल की मंगल लांबून बघत राहिली आणि मी डोळे पुसत पुसत दुसरी भाकर मागितली. मंगलसाठी देवरावांच्या घरच्यांनी कांदा न घालता वेगळं चून केलं होतं, न सांगता. तिचं येणं ठरलं तेव्हाच भांडं वेगळं काढून ठेवलं होतं.

दुपारी कारंज्याला ऑइल बदललं, हवेचं गाळणं नवं घातलं, टायरमध्ये हवा भरली आणि आयुष्यात पहिल्यांदा टाकी काठोकाठ भरली. पंपावरच्या माणसाने "फुल?" म्हणून विचारलं तेव्हा माझा आवाज थोडा चिरका निघाला. देवरावांचं सांगणं एवढंच होतं की उद्या मोकळा रस्ता बघून चौथ्या गिअरमध्ये, काटा दोन हजाराच्या वर ठेवून अर्धा तास सलग चालवा आणि मधे थांबू नका. काहीही झालं तरी थांबू नका.

इंझोरीचा रस्ता, सोमवार

मानोऱ्याकडे जाणारा रस्ता मंगलने निवडला. त्या बाजूला वाहनं कमी असतात. सकाळी आठला आम्ही दोघी निघालो. चौथा गिअर, काटा दोन हजारांच्या वर, कानात इंजिनाची नवी भरदार घरघर. दहाबारा मिनिटांत तो ओळखीचा जळका वास आला आणि या वेळी मी घाबरले नाही. मंगलला म्हटलं, सुरू झालं बघ. आम्ही दोघी अशा खूश झालो जणू घरात कुणाचा ताप उतरतो आहे.

पण मी एक गोष्ट विचारात घेतली नव्हती. मंगलने आदल्या संध्याकाळी दुकानात बसल्या बसल्या चार लोकांना सांगितलं होतं की पुण्याची मैत्रीण गाडी घेऊन या रस्त्याने जाणार आहे. या भागात दुकानदाराची पाहुणी गावावरून जाते आणि चहा न घेता जाते, हे बसतच नाही. इंझोरीच्या अलीकडे रस्त्याच्या मधोमध वामनराव नावाचे गृहस्थ उभे होते. एका हातात किटली, दुसऱ्या हातात कपांची थाळी, डोक्याला धुतलेला रुमाल. बाजूने काढावं तर सोयाबीन वाळत घातलेलं, समोर ते. मी हॉर्न वाजवला तर त्यांनी हसून थाळी वर केली. दुसरा हॉर्न वाजवायची माझी हिंमत झाली नाही.

मी गाडी कडेला घेतली. मंगल काच खाली करून म्हणाली की आज थांबायचं नाही, गाडीचं औषध चालू आहे. वामनराव वाकून आत बघत म्हणाले, "औशद चालू राहू द्या ना जी. चहा घेतल्याबिगर कसं जाऊ देईन? बाईंच्या घरच्या पावण्या तुमी."

मी इंजिन चालू ठेवून उतरले. तेवढी अक्कल मी आता शिकले होते. जी नव्हती शिकले ती अशी की काजळी जाळणाऱ्या गाडीचं पोट तव्यासारखं तापलेलं असतं, आणि मी ती उभी केली होती सोयाबीनच्या कुटारावर, म्हणजे मळणीनंतर उरलेल्या कोरड्या भुशावर. मी पहिला घोट घेतला आणि गाडीखालून निळसर धूर निघाला.

पुढचं मिनिटभर कोण काय करत होतं ते मला नीट आठवत नाही. मी गाडी पुढे काढली, इतकं आठवतं. घाबरून पहिला घालायच्या जागी तिसरा घातला आणि इंजिन बंद पडलं, मग पुन्हा चालू केलं. वामनरावांनी जराही न डगमगता किटली मागच्या कुटारावर ओतली. अख्खी किटली, आलं घातलेला, म्हशीच्या दुधाचा चहा. शेतातून दोन बाया घागर घेऊन धावत आल्या. जेमतेम सुपाएवढी जागा काळी झाली होती, पण मी रस्त्याच्या कडेला चक्क मातीत बसले. वामनराव रिकामी किटली हलवून बघत होते. मी त्यांची माफी मागावी, तर तेच घराकडे वळून दुसरा चहा ठेवायला सांगत होते. पुण्यात कुणाच्या दारात असं काही केलं असतं तर मला आधी पाटी दाखवली असती. इथे मला बसायला पाट आणून दिला.

दुसऱ्यांदा गाडीत बसले तेव्हा दिवा लुकलुकत होता.

देवरावांना फोन केला. मागे मळणीयंत्राचा आवाज येत होता. मग त्यांनी सांगितलं की लुकलुकायला लागला म्हणजे आता एकच वेळ उरली. आता जमलं नाही तर गाडी पळायचीच थांबेल, मग ती उचलून वर्कशॉपला न्यावी लागेल. म्हणजे अमेयचं गिऱ्हाईक ठरलेलं. मी विचारलं, मग आता कुठला रस्ता, जिथे कुणी चहा घेऊन उभं राहणार नाही?

असा या भागात एकच रस्ता आहे आणि तो मी मनातून रद्द केलेला होता.

समृद्धी, मंगळवार

देवराव दुपारी सोंगणी टाकून आले. त्यांच्या घरच्यांनीच पाठवलं म्हणाले, सोयाबीन एक दिवस थांबेल, ताईची गाडी थांबणार नाही. आल्या आल्या त्यांनी चारही टायरची हवा स्वतः मोजली. मंगलला दुकान होतं. तेवढ्यात बाई पांढरं लुगडं सावरत, हातात जपमाळ घेऊन पायऱ्या उतरल्या आणि मागचं दार उघडून बसल्या. त्यांनी समृद्धी अजून पाहिला नव्हता. मधे थांबता येणार नाही, असं मी सांगितलं. त्या म्हणाल्या की त्या आजवर कुणासाठीच थांबलेल्या नाहीत, फक्त दिवस बुडायच्या आत घरी आणून सोड.

कारंज्याहून समृद्धीवर चढताना मी आरसा तीनदा नीट केला. तिथे पोचले आणि रस्ता असा पसरला की डोळ्यांना कुठे ठेवावं कळेना. ना गतिरोधक, ना बैलगाडी, ना किटली. देवराव शांतपणे सांगत होते, डाव्या बाजूची लेन धरा, चौथ्यातच राहू द्या, ऐंशीच्या पुढे सावकाश. काटा अडीच हजाराशी आला. इंजिन असं बोलायला लागलं की जणू मी तीन वर्षांत गाडीचा आवाज ऐकलाच नव्हता. भीती होती, पण पहिली पाच मिनिटंच. पुढे भीती कुठे गेली ते कळलं नाही. मला आनंद होत होता, साधा, शाळकरी आनंद.

वास आला. पंखा घोंघावला. देवराव फक्त म्हणाले, "चालू द्या." उजवीकडे दूर माळावर काळविटांचा कळप उभा होता, काळा नर मान ताठ करून आमच्याकडे बघत होता. दुसऱ्या कुठल्याही प्रवासात मी गाडी थांबवून फोटो काढले असते. मागून बाईंनी माळ ओढता ओढता सांगितलं की बघ पण पाय उचलू नको.

मालेगावच्या अलीकडे कुठेतरी ते झालं. नेमकं कुठे ते सांगता येत नाही. मी आरशात बघून परत समोर बघितलं तर तो पोळपाटाचा दिवा गेला होता. मला वाटलं मधल्या लुकलुकीत आहे. दहा आकडे मोजले, वीस मोजले. तो आलाच नाही. देवरावांनाही दिसलं होतं. माझे डोळे भरले होते आणि तिथे डोळे पुसायला हात सोडणं बरं नव्हतं. आणखी दहा मिनिटं पळवा, मग सावकाश खाली उतरा, एवढं त्यांनी सांगितलं.

मालेगावला उतरून, मोकळ्या मातीवर, कुटार नाही ना हे वाकून दोनदा बघून मी गाडी उभी केली. डॅशबोर्डवरच्या विझलेल्या दिव्याचा फोटो काढून अमेयला पाठवला. मिनिटभरात त्याचा फोन आला. मी स्पीकर लावला, कारण माझा आनंद मला त्या दोघांनाही ऐकवायचा होता.

"वा आई! कमाल केलीस," तो म्हणाला. "आता तर गिऱ्हाईक एका पायावर घेईल. रविवारी येतायत ते, तोवर पोचशील ना?"

मी काहीतरी हूं म्हटलं आणि फोन ठेवला. दिवा विझला नाही तर गाडी द्यायची, एवढंच आमचं ठरलं होतं. विझला तर काय, हे त्याने मनात धरलंच नव्हतं. माझ्या लक्षात आलं की त्याच्या लेखी दिव्याचा प्रश्न कधी नव्हताच. तो माझ्यावर प्रेमच करत होता, हे मला माहीत आहे, पण पाचशे मैलांवरून, मला न बघता. देवराव टायर बघायच्या निमित्ताने मागे गेले.

बाईंनी माळ पिशवीत घातली. "गाडी कोनाची हाय?" त्यांनी विचारलं.

"माझी."

"मंग तो काहून इकून राह्यला?"

त्यांनी टोमणा मारला नव्हता. त्यांना खरंच कळलं नव्हतं. वय, गर्दी, गुडघे, लोक काय म्हणतील, सगळी कारणं मी मनातल्या मनात काढून बघितली. त्यातलं एकही माझं नव्हतं.

मी अमेयला परत फोन लावला. म्हटलं, रविवारी कुणाला बोलावू नकोस, मी गाडी विकत नाही. तो म्हणाला, आई, हट्ट करू नकोस. मी म्हटलं हा हट्ट नाही, मी आत्ता समृद्धीवरून गाडी चालवत आले आहे आणि याच रस्त्याने परत जाणार आहे. समृद्धीला मी किती घाबरते हे त्याला माहीत होतं. मग त्याने हळू आवाजात विचारलं, "एकटी?"

मी मागे बघितलं. पंच्याऐंशीच्या बाई दार लावून, पदर खोचून, निघायच्या तयारीत बसल्या होत्या. देवराव शेजारी येऊन पट्टा बांधत होते. दिवस बुडायला अजून दीड तास होता आणि कारंज्याला चूल पेटली असणार होती.

"कारंज्यापर्यंत नाही," मी म्हटलं. "तिथून पुढे पुण्यापर्यंत एकटी."

आणि किल्ली फिरवली.